खिचडीचं टायमिंग

आमच्या गाडीला गावाने ‘खिचडी’ असं नाव ठेवलं होतं आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा. तसं त्या नावात खोटं काही नव्हतं. सांगाडा लिलावात निघालेल्या मिलिटरी ट्रकचा, सहा सिलिंडरचं इंजिन अपघातात चेपलेल्या दुसऱ्याच गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्या कुणाचा तरी, आणि मागची बॉडी आमच्या सोनईतल्या सुताराने बाभळीच्या फळ्यांत ठोकलेली. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि मग दोन उन्हाळे खपून ही स्वतःची गाडी घरापुढच्या चिंचेखाली जुळवली. लांबच्या खेपेला सारखं डिझेल भरायला थांबायला नको म्हणून त्यांनी एक जादा टाकीही मागे चाकांजवळ बसवली आणि तिथून इंजिनापर्यंत लांबलचक नळी ओढली. येणारा-जाणारा चिंचेखाली थांबायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि “तात्या, फोडनी कधी देनार?” असं विचारून हसत पुढे जायचा. तात्याही हसायचे. मी आतून ऐकायचे आणि चरफडायचे.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. सकाळी सगळ्यात आधी आईच्या स्टोव्हचा आवाज यायचा. आई आधी हवा मारायची, मग पिन घालून छिद्र मोकळं करायची, आणि ज्योत निळी लागली की पिवळी हे तिला मान वर न करता नुसत्या फरफरीवरून कळायचं. नोझल, दाब, हवा हे शब्द पुढे मला वर्गात भेटले तेव्हा त्यांत नवं असं काही वाटलं नाही. ते मी आईच्या पाठीमागे बसून ऐकलेलेच होते. पडवीत तात्यांची थोरली बहीण, माझी आत्या, सूप घेऊन बाजरी पाखडत बसलेली असायची. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली ती थेट कारभारीण होऊनच. सण कधी, नैवेद्य कशाचा, कुणी कुणाच्या लग्नाला जायचं, हे सगळं ती ठरवायची आणि रस्त्यावर भल्याभल्यांना हॉर्न मारून बाजूला करणारे तात्या तिच्यापुढे ‘बाळ्या’ होऊन गप्प बसायचे. गाडीला ती लक्ष्मी म्हणायची. कुणी खिचडी म्हटलं की हातातलं सूप आपटायची. थंडी पडली की आई हुलग्याचे शेंगोळे करायची; लसूण-मिरची घालून मळलेलं पीठ हातावर वळून, वेटोळी करून, उकळत्या रश्श्यात सोडायची. तो वास आणि चिंचेखालून येणारा डिझेलचा वास आमच्या पडवीत एकत्र व्हायचा. आता माझी सून शेंगोळे उत्तम करते, पण तिच्या स्वयंपाकघरात डिझेलचा वास नसतो आणि मला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत राहतं.

मी नगरच्या आयटीआयमध्ये शिवणकामाचा फॉर्म भरायला म्हणून गेले आणि डिझेल मेकॅनिकचा भरून आले. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडी अजून नगरच बसलेलं आहे. खिडकीतल्या माणसाने माझा फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला, “हा मुलांचा ट्रेड आहे.” मी म्हटलं, “कुठं लिहिलंय, दाखवा.” त्याने माहितीपुस्तिका पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली आणि मुकाट्याने शिक्का मारला. वर्गात मुलगी मी एकटी. तिथे मास्तरांना निदेशक म्हणतात. आमचे निदेशक फार करडे होते, पण त्यांनी मला कधी हजेरीवही सांभाळायला किंवा टेबल पुसायला बसवलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक डिझेल पंप ठेवला आणि म्हणाले, उघड. मी नगरला मावशीकडे राहून शिकले, दसराही तिकडेच झाला, आणि दिवाळीनंतर हातात प्रमाणपत्र घेऊन घरी आले तेव्हा आमची गाडी सुरू झालेली होती. फक्त चालत नव्हती.

म्हणजे व्हायचं असं की सकाळी इंजिन लागायला अर्धा तास खायचं. लागलं की सायलेंसरमधून पांढरा धूर इतका निघायचा की पडवीतली आत्या दिसेनाशी व्हायची. रिकामी गाडी कशीबशी घोडेगावच्या फाट्यापर्यंत जायची, पण माल भरला की चढाला जीव सोडायची. मध्येच खोकल्यासारखे हिसके देऊन बंद पडायची, मग तात्या उतरून फिल्टरजवळचा छोटा हातपंप दाबत बसायचे, फेस निघायचा, पुन्हा सुरू व्हायची. फाट्यावर नामदेव मिस्तरींचं गॅरेज होतं. आमचं इंजिन त्यांनीच जोडून दिलं होतं. माणूस हाताचा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. त्यांनी नोझल बदलून पाहिले, फिल्टर बदलले, आणि शेवटी निकाल दिला. “तात्या, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करावं लागतंय. उतरवा खाली.” हाफ इंजिन करायचं म्हणजे सगळं इंजिन बाहेर काढून, उघडून, पिस्टन-रिंगा नव्या घालायच्या. म्हणजे कांद्याचा सगळा हंगाम गाडी चिंचेखाली उभी.

मी तात्यांबरोबर गेले होते. गॅरेजच्या पत्र्याखाली पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत बसले होते. इंजिन चालूच होतं. मी सरळ पुढे झाले, इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला. “मिस्तरी, रिंगा गेल्या असत्या तर हितनं चुलीवानी धूर आला असता. हात ठिवून बघा. फुंकर सुदीक न्हाई.”

मिस्तरींनी हात ठेवला नाही. चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता तात्यांना म्हणाले, “कागद मिळाला म्हनून मिस्तरी हुतं व्हय कुनी? मी इंजिनं उतरवत हुतो तवा ही पाळन्यात हुती.” ड्रायव्हर हसले. एकजण म्हणाला, “तात्या, पोरीला स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकून द्या.” मी तात्यांकडे पाहिलं. ते खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात त्याहून वाईट ऐकलं होतं. तात्यांचं खाली बघणं मात्र मला लागलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लागतं. माझं कानशील तापलं आणि मी मोठ्याने म्हणाले, “इंजिन उतरवायचं न्हाई. ही गाडी मी नीट करनार. भरल्या गाडीनं इमामपूरचा घाट एका दमात चढला न्हाई, तर जन्मात पुन्यांदा पाना हातात धरनार न्हाई.”

मला वाटलं तात्या म्हणतील, जाऊ दे, पोर आहे. ते म्हणाले, “ठरलं. शनवारी नगरच्या मार्केटला कांदा न्यायचाय. तवर बघ. न्हाई चढली, तर शब्द पाळायचा.”

पाना सोडायचा म्हणजे काय, ते ज्याच्या हातात कधी पाना आला नाही त्याला कसं सांगू? मला दुसरं काही आवडत नव्हतं. शाळेत मी कविता पाठ करायचे, रांगोळी काढायचे, सगळं बऱ्यापैकी यायचं आणि कशानेच पोट भरायचं नाही. पहिल्यांदा नोझल टेस्टरवर दाबून पाहिला आणि धुक्यासारखा एकसमान फवारा निघाला, त्या दिवशी मावशीच्या घरी मी जेवलेच नाही, इतकी खूश होते. तेच पणाला लावून मी शब्द देऊन बसले होते. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुला काय काय लागंल?” मी म्हटलं, धुतलेली फडकी, दोन स्वच्छ वाट्या आणि रॉकेल. तिने कपाटातल्या नव्या वाट्या काढून दिल्या.

मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गाडी बंद पडते ही एक, आणि ओढत नाही ही दुसरी. सगळे जण त्यांचा एकच आजार समजत होते. बंद पडण्यामागे हवा होती, हे तर हातपंपातून निघणाऱ्या फेसावरून दिसतच होतं. प्रश्न हवा शिरते कुठून हा होता. गावातल्या दवाखान्यातून सलाइनची एक नळी मागून आणली आणि डिझेलच्या नळीत मध्येच तिचा तुकडा बसवला. इंजिन सुरू केलं की त्या पारदर्शक तुकड्यातून बुडबुडे पळताना दिसायचे. मग डिझेलचा एक डबा केबिनच्या वर टांगला आणि नळी थेट त्याला जोडली. बुडबुडे बंद. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, चोर मागे टाकीकडे होता. मी गाडीखाली पाठीवर सरकत एकेक जोड उघडत गेले. मान आखडली, डोळ्यांत माती गेली, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका वाकून वाकून बघून गेल्या. अखेर जादा टाकीच्या तोंडाशी, तात्यांनी हौसेने केलेल्या जोडात, तांब्याच्या वायसरऐवजी, म्हणजे चकतीऐवजी, ट्यूबच्या रबराचा कापलेला तुकडा सापडला. रबर डिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि हवेला वाट देतं. जुनं तांब्याचं वायसर आईच्या स्टोव्हवर लाल करून पाण्यात बुचकळलं की ते पुन्हा नरम होतं आणि घट्ट बसतं. तात्यांच्या डब्यात तसं एक निघालं; आईने ते स्वतः चिमट्यात धरलं आणि मी ते जोडात बसवलं.

त्या संध्याकाळी गाडी पहिल्या हिसक्याला लागली आणि तासभर बंद पडली नाही. तात्या एक भाकरी जास्त जेवले. मी अंथरुणावर पडून घाट चढलेली गाडी पाहत होते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बॉडीत दगड भरले आणि गावाबाहेरच्या ओढ्याचा चढ घेतला. अर्ध्यात पांढरा धूर, इंजिन तापलं, गाडी जागच्या जागी थरथरत उभी. नेमके त्याच वेळी नामदेव मिस्तरी मोटरसायकलवरून जात होते. थांबले. “हवा काढलीस, ब्येस केलंस. आता इंजिन कधी उतरवायचं?” त्यांनी हे चिडवायला विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं, म्हणून मला अधिकच संताप आला.

उरला टायमिंगचा प्रश्न. डिझेल पिस्टनवर कुठल्या क्षणी पडतं त्यावर इंजिनाची सगळी ताकद असते. थोडं उशिरा पडलं की ते नीट जळत नाही, पांढरा धूर होऊन बाहेर जातं. हे मला गुरुवारच्या आधीही माहीत होतं. पण पंप जिथे इंजिनाला बसतो तिथे लाल रंगाची एक रेघ होती, अर्धी पंपाच्या कडेवर आणि अर्धी इंजिनावर, आणि ती बरोबर जुळलेली होती. पंप काढताना अशी रेघ मारायची आणि बसवताना ती जुळवायची, ही सगळ्या मिस्तरींची रीत आहे. आमचा पंप नगरचा एक माणूस इंजिनावरून काढून तपासायला घेऊन गेला होता. रेघ त्यानेच काढताना मारलेली, हे मी धरूनच चालले होते. मिस्तरींनाही तेच वाटलं होतं. सगळ्यावर संशय घेणारी मी, त्या रेघेसमोर मात्र दोनदा बॅटरी धरली आणि दोनदा ‘ठीक आहे’ म्हणून पुढे गेले. ही माझी चूक होती आणि ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

निदेशक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: खूण माणसाने मारलेली असते, थेंब बघा. शुक्रवारी सकाळी मी थेंब बघायचं ठरवलं. पंपाच्या पहिल्या नळीतली बारीक झडप आणि स्प्रिंग काढून आईच्या वाटीत रॉकेलमध्ये ठेवली. जुन्या नळीचा एक तुकडा हंसाच्या मानेसारखा वाकवून तिथे लावला. त्यातून डिझेल वाहत राहतं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. पंप ज्या क्षणी डिझेल दाबायला लागतो त्या क्षणी धार तुटते, थेंब होतात आणि थांबतात. तोच डिझेल पडायचा खरा क्षण. समोरून लांब दांडा घालून इंजिन फिरवायला ताकद लागते. मी आईला हाक मारणार तेवढ्यात तात्या आले आणि त्यांनी दांडा धरला. “सांग,” म्हणाले.

“हळू. आनखी हळू. बोटभर. थांबा. पुन्यांदा मागनं घ्या.” वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी हुकूम सोडत होते आणि तो पाळत होता. धार बारीक झाली. टप. टप. आत्याने सुपाचा आवाज थांबवला. आणखी एक थेंब लोंबकळत राहिला आणि पडला नाही. मी वळून इंजिनाच्या मोठ्या चाकावरची खूण पाहिली. डिझेल पिस्टन वर पोहोचण्याच्या बरंच आधी पडायला हवं होतं. इथे पिस्टन जवळजवळ माथ्यावर आला तरी पंप झोपलेलाच. आम्ही तीन वेळा फिरवून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच. आजकाल माझ्या वर्कशॉपमध्ये गाडीला वायर जोडली की पडद्यावर आकडा येतो, आणि येऊ दे, मला त्याचं वावडं नाही. पण त्या दिवशी तिसरा थेंब थांबला तेव्हा अंगावर आलेला काटा मला पडद्याने कधी दिला नाही.

मी पंपाचे नट सैल केले, मोठं चाक योग्य खुणेवर ठेवलं आणि पंप कणाकणाने फिरवत नेला, थेंब पुन्हा थांबेपर्यंत. मग नट आवळले. आता ती लाल रेघ मधोमध तुटली होती; पंपावरचा अर्धा भाग इंजिनावरच्या अर्ध्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला होता. मी कपाळ पुसत उभी होते आणि आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने इंजिनात डोकावून पाहिलं आणि तांब्या तसाच हातात राहिला.

“अगं बया! माझा पट्टा मोडलास की गं!”

“कसला पट्टा?”

“कसला म्हंजी? दसऱ्याचा! पूजंला कुंकवाचे पाच पट्टे वढले, तं तेलानं दुपारपातूर समदे निघून गेले. मंग दाराचं आईलपेंट घेतलं आन बोटानं पक्के वढले. वरीसभर टिकाया नको व्हय?”

मी फडकं रॉकेलमध्ये बुडवून इंजिनाची ती बाजू पुसली. ग्रीसच्या थराखालून एक पट्टा निघाला. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे सारख्याच रंगाचे, सारख्याच बोटाचे. पाचवा पंपावरून गेला होता. तात्या दांडा धरूनच मटकन खाली बसले. “आयला,” म्हणाले, “तवा पंप मी नुस्ता अडकवला हुता. नट बोटानं फिरत हुतं. मिस्तरी सन झाल्यावर आवळायला येनार हुता.” आणि मिस्तरी आले, त्यांना पंप आणि इंजिन दोन्हींवरून गेलेली सरळ रेघ दिसली, त्यांनी ती इमानेइतबारे जुळवली आणि नट आवळले. दाराच्या रंगावर आमचं सहा सिलिंडरचं इंजिन महिनाभर चाललं होतं. तात्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आत्या मात्र हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. आपल्या पूजेनेच लक्ष्मीला अडवून धरलं, असं तिने मनाला लावून घेतलं.

शनिवारी सकाळी कांद्याच्या गोण्या भरताना ती गोष्ट गावभर झालेली होती. नामदेव मिस्तरी आपणहून आले. गाडी घाटात अडकली तर कुणीतरी लागेल, म्हणाले. गोण्या उचलणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, “आत्यानं पूजा घातली आन गाडीच बसवली!” सगळे हसले, मिस्तरीही हसले आणि म्हणाले, “बायकांनी इंजिनाला हात लावला की असंच हुयाचं.” आत्या पडवीच्या खांबामागे सरकली. आयुष्यात तिला कुठे मागे सरकताना मी पाहिलं नव्हतं.

मी गोण्यांवरून खाली उडी मारली. “आत्यानं पूजा केली. पूजाच करायची हुती तिला. रेघ मारली म्हनून तिनं कुनाला सांगितलं न्हाई की हे टायमिंग हाय. टायमिंग तुमी म्हनलं, मिस्तरी. मी बी म्हनलं. थेंब दोघांनीबी बघितला न्हाई. मी काल बघितला. तुमी अजून बघितला न्हाई.” मग आत्याचा हात धरून तिला केबिनमध्ये बसवलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मिस्तरी तोंड वाकडं करून आमच्या पलीकडे बसले, तात्यांनी स्टार्टर मारला, आणि गाडी आम्हा चौघांना आणि अख्ख्या बॉडीभर लाल कांद्याला घेऊन निघाली.

घोडेगाव मागे पडलं. पांढरीच्या पुलापाशी मी तात्यांना थांबायला लावलं, पाणी पाहिलं, नळीतला पारदर्शक तुकडा पाहिला, एकही बुडबुडा नव्हता. पुढे घाट. आता तो रस्ता रुंद झालाय आणि माझा नातू म्हणतो, आजी, इथे घाट कुठे आहे? तेव्हा मात्र चढाच्या कडेला दोन-तीन गाड्या चाकाखाली दगड लावून उभ्या असायच्याच. तात्यांनी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिनाचा आवाज जाड झाला. आत्याने डोळे मिटून घेतले होते. मिस्तरी खिडकीतून मागे सायलेंसरकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होते. वळणावर एक बंद गाडी आडवी, तिला वळसा घालताना आमचा वेग पायी चालणाऱ्याइतका पडला. त्या क्षणी मी मनातल्या मनात पाना खाली ठेवून पाहिला. ठेववला नाही. नाही चढली तर शब्द मोडीन, असंही वाटून गेलं. खोटं कशाला बोलू? तात्यांनी पहिला टाकला. इंजिनाने एकदा हुंकार दिला, थोडा काळा धूर टाकला आणि ओढायला लागलं. पांढरा धूर नाही, हिसका नाही, खोकला नाही. ती वर चढत राहिली, बैलासारखी मान खाली घालून, आणि आत्याने डोळे उघडले तेव्हा पुढे चढ उरलेला नव्हता.

माथ्यावर एका झाडाखाली तात्यांनी गाडी बाजूला घेतली. चहाची टपरी होती, तिथे घाटाला वैतागलेले आणखी काही ड्रायव्हर बसले होते. मिस्तरी उतरले, बॉनेटवर हात ठेवून पाहिला, वाकून पंपाकडे पाहिलं, तुटलेल्या लाल रेघेवरून अंगठा फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चढली. मी न्हाई म्हनत न्हाई, चढली. पन खरं सांगू का तात्या? गाडी नीट हुईल, पोर बी शिकंल. पन पोरीच्या हाताखाली आपली गाडी घालतोय कोन?”

टपरीतले लोक आमच्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर एक चांगलं झणझणीत उत्तर तयार होतं आणि मी तोंड उघडलंही. तात्या मागच्या चाकाशी वाकून हातोडीने टायर ठोकून बघत होते. त्यांनी ठोकणं थांबवलं नाही, फक्त मान वर केली आणि या खेपेला सरळ मिस्तरींच्या डोळ्यांत पाहिलं.

“मी घातली की,” ते म्हणाले.